घटका बुडेना

"हबीबभाई, ह्या भांडास्ले एकडाव शेवटनी कल्हई करी दे," लेकीच्या लग्नाच्या गडबडीत असलेले म्हसावदचे चुनीलालशेट ओसरीवरच्या झोपाळ्यावरून म्हणाले. "मंग लगीन झायं का बठ्ठं तांबं मोडमा."

पायरीशी उभ्या असलेल्या हबीब कल्हईवाल्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. 'शेवटनी' हा एकच शब्द कानात अडकून बसला. ओसरीवर तांब्याच्या भांड्यांचा हा एवढा ढीग पडला होता. हंडे, कळशा, तपेली, पराती, घंगाळं. साठ-पासष्ट नग तरी असतील. आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीशी, गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून सुरतेहून आणलेली नवी कोरी पातेली ओळीने मांडली होती. पांढरी, चकचकीत आणि वजनाला इतकी हलकी की फुंकर मारली तर शहाद्याला पोचावीत. ॲल्युमिनियम म्हणतात त्याला, पण आमच्याकडे त्याचं नाव 'जर्मन'. का ते जर्मनीलाही ठाऊक नसेल.

चुनीलालशेटचं एक होतं. नवी वस्तू दिसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. गावात पहिली बॅटरी त्यांनी आणली आणि भर दुपारी ती पेटवून लोकांच्या तोंडावर धरली. पहिला तबकडीचा बाजा त्यांचा, पहिल्या चिनी कपबश्या त्यांच्या. त्यांचंही एक वेळ चालून गेलं असतं, पण अख्ख्या म्हसावदला त्यांचंच वारं. शेटने चहा सुरू केला आणि वर्षाच्या आत गावातल्या निम्म्या घरांतून ताक हद्दपार झालं. उद्या शेटच्या घरातून तांबं गेलं की परवा गावातून जाणार, आणि गावातून तांबं गेलं की हबीबने आपला भाता काय उशाला घेऊन निजायचं? जर्मनला कल्हई लागत नाही. भोक बुजवायची झाळही त्याला बसत नाही. फुटलं की फेका आणि नवं आणा, असा त्याचा कारभार.

"शेट, तांबामा काय वाईट शे?" हबीबने विचारलं. "तुमना आजाना येळनं शे हे."

"म्हनीसनच ते. आजाना येळनं शे." शेटने पायाने झोपाळा थांबवला. "नवापूरनं वऱ्हाड ई ऱ्हायनं. व्याही रतिलालशेट म्हनजे लाकडाना मोठा व्यापारी. त्यास्ना घरमा बठ्ठं जर्मन. आपन हे काये हंडा मांडसूत ते लोक हसतीन आपले."

आयुष्यात हबीबने कधी पैज लावली नव्हती. पण गळ्याशी आलं की मुकाही बोलतो.

"शेट, एक आयका. मी ह्या भांडास्ले असं करी देस, का वऱ्हाडना एक मानूस बी 'जुनं' म्हनाव नही. म्हनं ते खुशाल द्या मोडमा. नही म्हनं, ते ऱ्हाऊ द्या घरमा."

शेट हसले. पैज हाही त्यांना नवाच प्रकार होता. "मंजूर," ते म्हणाले.

मग तीन दिवस हबीबच्या अंगणात नुसता धूर. जमिनीत खड्डा खणून भट्टी पेटवलेली, बायको हाजराबी भात्यावर, आणि हबीब एकेका हंड्यात उभा राहून, वाळू-राखेवर पाय फिरवत, कंबर हलवत भांडं आतून घासतोय. त्या तीन दिवसांत तो इतका फिरला की रात्री खाटेवर पडल्यावरही त्याचे पाय वळवळत असत. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, भस्सकन पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायची. बघता बघता आत चंद्र उगवल्यासारखं होई. प्रत्येक भांडं तो उन्हाकडे धरून बघे. जिथे पोचा असेल तिथे ठोकून सरळ करी, कान निखळला असेल तर बसवी, भोक असेल तर झाळून टाकी. हे सगळं फुकट, बोलीत नसलेलं. पैज जिंकायची होती ना.

ढिगाच्या अगदी तळाशी एक लहानशी तांब्याची वाटी निघाली. ओंजळीएवढी, गोल बुडाची, हिरव्या गंजाने माखलेली. हबीबने ती उन्हाकडे धरली. बुडातून उन्हाची बारीक तार आरपार आली.

"हाई देख," तो म्हणाला. "बुडलेच भोक."

हाजराबीने भाता थांबवला. वाटी हातात घेऊन तिने डोळा लावला. "बशीरना अब्बा, भोक ते बरोबर बुडना मझारमा शे. आनि गोल शे. फुटेल भांडानं भोक असं नही ऱ्हास. कोन्ही मुद्दाम पाडेल दिसस."

"भांडाले मुद्दाम भोक कोन पाडी?"

"ते मले काय माहीत. इचारी ये शेटकडे."

"इचारू काय? भोक बुजू का नको बुजू? हसतीन मले." हबीबने वाटी परत घेतली. "चाळीस वरीस झायात मले ह्या धंदामा."

बाईचं ऐकायचं नाही असा काही त्याचा नियम नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या अंगात कारागिरी संचारली होती. त्याने वाटी चिंचेने घासली, आतून-बाहेरून लखलखीत केली, आणि त्या भोकावर आयुष्यातली सर्वांत देखणी झाळ बसवली. बाहेरून बोट फिरवलं तरी लागू नये अशी. मग पाणी भरून ती रात्रभर एका कोरड्या गाडग्याच्या तोंडावर ठेवून पाहिली. सकाळी खाली एक टिपूस नव्हता. हबीबला त्या वाटीचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला.

लग्नाच्या दिवशी सूर्य कासराभर वर आल्यावर हबीब आणि हाजराबी शेटच्या मांडवात पोचली. हाजराबी बायकांत गेली. हबीब पुढच्या खांबाशी बसला आणि त्याने कान टवकारले. वऱ्हाड पहाटेच येऊन उतरलं होतं. लोक हात-तोंड धूत होते, पाणी पीत होते, आणि कुणीही 'जुनं' हा शब्द काढत नव्हतं. नवरदेवाच्या एका काकांनी तर पाण्याच्या तांब्यात डोकावून मिशा सारख्या केल्या. हबीबला वाटलं, उठून त्या काकांच्या पाया पडावं.

एरवी लग्नात घटका बुडते हे हबीबला ऐकून माहीत होतं. पण ते काम आत, देवघराच्या बाजूला चालायचं. तिथवर जायला त्याला कधी कारण पडलं नव्हतं. या खेपेला शेटने सगळंच नव्या पद्धतीचं मांडलं होतं. मांडवाच्या दर्शनी भागात एका बाजूला बाजा, एका बाजूला दोन खुर्च्या, आणि मधोमध पाटावर पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ. घंगाळाशेजारी नवरीचे चुलतआजोबा नवलसिंगबाबा भिंतीला टेकून बसलेले. त्यांच्यापुढे कुंकवाची वाटी. आणि घंगाळातल्या पाण्यावर, बदकाच्या पिलासारखी डुलत, हबीबची ती लाडकी वाटी तरंगत होती.

हबीबचा ऊर भरून आला. एवढ्या साठ-पासष्ट भांड्यांतून नेमकी तीच मानाला बसवली होती. तो सरकत सरकत नवलसिंगबाबांजवळ गेला. बाबा हळदीच्या गडबडीत रात्रभर जागलेले. आता त्यांची हनुवटी छातीला लागली होती. हबीबच्या चाहुलीने ते दचकून जागे झाले, घंगाळाकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं, आणि घाईघाईने कुंकवात बोट बुडवून भिंतीवर तीन टिपके काढले.

"बाबा, हाई काय शे?" हबीबने कौतुकाने विचारलं.

"हाई घटका," बाबा जांभई देत म्हणाले. "जोशीबुवास्नी सूर्य उगताना सोडी. ती भरस आनि बुडस. बुडनी का एक घटका झायी. मी आठे टिपका देस, आनि वाटी आखो सोडस. नऊ टिपका झायात का लगीन."

"भरस? वरथून पानी टाकतस का?"

"वरथून कसाले? खालथून येस. बुडले भोक ऱ्हास ना. बरोबर मझारमा."

हबीबने पुढे झुकून वाटीत डोकावलं. समोर वाटी संथ तरंगत होती. आत एक थेंब नव्हता. आणि ती तशीच तरंगत राहणार, लग्न होऊन नवरीला नातवंडं झाली तरी तरंगत राहणार, हे त्या मांडवात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

ही वाटी हबीबच्या ढिगात कशी आली, ते सांगायला हवं. ती शेटची नव्हतीच. ती जोशीबुवांची, त्यांच्या घराण्यात सहा पिढ्या चालत आलेली. रिवाजाप्रमाणे त्यांनी ती लग्नघरी चार दिवस आधी लाल फडक्यात बांधून पोचवली. शेटच्या कुटुंबाने, रंजनाबाईंनी, फडकं सोडून बघितलं तर आत हिरवी वाटी. व्याह्यांपुढे ही कशी ठेवायची? त्यांनी ती सरळ हबीबच्या ढिगात टाकली आणि चकाचक होऊन आल्यावर पुन्हा फडक्यात बांधून ठेवली. जोशीबुवांनी सूर्य उगवताना, मांडवातल्या अंधुक उजेडात ती घंगाळात सोडली आणि ते न्याहारीला गेले. कुणाचंच कुठे चुकलं नव्हतं. म्हणजे एकाचं चुकलं होतं, आणि तो आता पुन्हा खांबाला धरून बसला होता.

न्याहारी आटोपून जोशीबुवा आले. "नवलसिंगबाबा, किती झाल्या?"

"तीन झायात," बाबा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले. झोप लागली होती हे त्यांनी सांगितलं नाही. नातीच्या मांडवात, व्याह्यांसमोर, या वयात काय सांगणार? तेवढ्यात चौथा टिपका काढायची वेळ आली असावी म्हणून ते डोळे ताणून वाटीकडे बघू लागले. वाटी बुडेना. बाबांनी हबीबकडे पाहिलं. हबीबने मांडवाच्या छताकडे पाहिलं. बराच वेळ गेल्यावर बाबांनी इकडे तिकडे बघत वाटी हाताने उचलली, पालथी केल्यासारखी केली, परत सोडली आणि चौथा टिपका काढला. थोड्या वेळाने तसाच पाचवा. मग मात्र त्यांना घाम फुटला.

"जोशीबुवा," त्यांनी हाक मारली, "हाई आते जरा सावकाश बुडी ऱ्हायनी."

जोशीबुवा येऊन बसले. बसले ते बसलेच. त्यांनी जानव्याशी चाळा केला, पंचांग उघडलं, मिटलं. वाटी डुलत होती. हळूहळू बाकीचे लोक भोवती गोळा झाले. लग्नात रिकाम्या माणसाला बघायला काहीतरी लागतंच. पाच जमले, पंधरा जमले, मग बाज्यावरची तबकडीही कुणीतरी बंद केली. शेवटी दोनशे माणसं एका वाटीकडे टक लावून बघत राहिली.

"आमच्या घड्याळात बघू की," व्याही रतिलालशेट म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून साखळीचं सोन्याचं घड्याळ काढलं. "पावणेनऊला पाच कमी."

त्यांचे मेहुणे नवापूर स्टेशनात पार्सलबाबू होते. त्यांनी आपलं घड्याळ काढलं. "नऊ वाजून एकोणीस. रेल्वेचा टाइम आहे हा."

"माझा मुंबई टाइम आहे. तो रेल्वेच्या एकोणचाळीस मिनिटं मागेच असतो."

"मग मुंबईत लावा लग्न."

"अहो, पण माझं साडेनऊ दाखवतंय," शाळेचे मास्तर मध्येच म्हणाले. "कालच शहाद्याच्या पोस्टातून लावून आणलंय."

तिघांनी तीन घड्याळं कानाला लावली. तिन्ही टिकटिकत होती, आणि तिघेही आपापल्या घड्याळाच्या अब्रूसाठी भांडायला तयार होते. व्याह्यांकडचे चार जण मुंबई टाइमच्या बाजूने, चार रेल्वेच्या. मुलीकडचे गावाच्या अभिमानाखातर पोस्टाच्या मागे उभे राहिले. "मुहूर्त टळी गया व्हई," कुणी म्हणालं. "अहो, घटकाच बुडत नाही म्हणजे काही चिन्ह असेल," वऱ्हाडातली एक म्हातारी पुटपुटली. हा 'चिन्ह' शब्द बायकांतून पुरुषांत आणि पुरुषांतून पुन्हा बायकांत गेला, आणि येताना त्याचं 'अपशकुन' झालं. आतल्या खोलीत नवरीने हुंदका दिला. रतिलालशेटनी घड्याळ खिशात ठेवलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

हबीब हे सगळं बघत होता. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगितलं तर चाळीस वर्षांची कमाई गेली. दोनशे माणसांसमोर 'हा पाहा तो कारागीर' असं होणार. न सांगितलं तर वाटी काही बोलणार नव्हती. वाटीइतका भरवशाचा साक्षीदार नाही. गप्प बसावं, हे त्याने जवळजवळ ठरवलं होतं.

तेवढ्यात चुनीलालशेट गर्दी सारत पुढे आले. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"जोशीबुवा, कितला वरीसनं शे हे भांडं? शंभर? दोनशे? दोनशे वरीस कोनी वापरस का?" त्यांनी घंगाळावर हात आपटला. "मी म्हनस ते खोटं नही. जुनं म्हनजे असंच, ऐन येळवर दगा देस. उद्या पहिले हे, आनि मांगेथून मन्हा घरनं बठ्ठं तांबं, मोडमा."

हबीबला वाटी दिसली. तिचा काय दोष होता? सहा पिढ्या ती बिचारी बुडत आली होती, एकदाही चुकली नव्हती. तिला बुडू दिलं नाही ते त्याने. आणि आता शिव्या खात होती ती, जुनी म्हणून. हबीबला आतून काहीतरी टोचलं. कुणी आपल्या म्हाताऱ्या बापावर आळ घ्यावा आणि आपण कोपऱ्यात बसून पान खावं, तसं वाटलं त्याला. तो उभा राहिला.

"शेट, भांडाना दोष नही," तो म्हणाला. "भांडं चांगलं व्हतं. भोक मी बुजी टाकं."

मांडवात इतकी शांतता झाली की तिन्ही घड्याळं ऐकू येऊ लागली.

"काय?" जोशीबुवा म्हणाले.

"मले वाटनं फुटेल शे. म्हनीसन झाळी टाकं. फुकटमा." शेवटचा शब्द त्याने का जोडला हे त्यालाही कळलं नाही.

जोशीबुवांनी वाटी उचलून डोळ्यांशी नेली. बोटाने बूड चाचपलं, नखाने खरवडलं. "अरे, भोक कुठे होतं ते सुद्धा कळत नाही," ते हताश होऊन म्हणाले. दारात उभ्या असलेल्या रंजनाबाईंना नेमकं त्याच वेळी चुलीवर काहीतरी लागल्याचा वास आला आणि त्या आत गेल्या.

"पन मंग ह्या पाच टिपका?" शेटने भिंतीकडे बघून विचारलं.

सगळ्यांचे डोळे नवलसिंगबाबांकडे वळले. हबीबने एवढं कबूल केल्यावर बाबांनाही धीर आला. "पहिला तीन झोपमा दिन्हात," ते म्हणाले. "दोन जागेपनी. पन बठ्ठा अंदाजवर."

आता मात्र जोशीबुवांनी कपाळाला हात लावला. सूर्योदयापासून किती वेळ गेला हे सांगायला ना वाटी, ना टिपके, ना घड्याळ. शेटच्या शेतात रोजाने येणारी फुलीबाई मांडवाच्या कडेला पत्रावळी लावत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मेढीनी सावली देखा ना. ती आजून गव्हाणले लागनी नही. गव्हाणले लागस तव्हय आम्हले रोज न्याहारी भेटस. मुहूर्त बी त्याच सुमारना शे ना? आजून येळ शे."

जोशीबुवा तडक उन्हात गेले. ताठ उभे राहून त्यांनी स्वतःची सावली पावलांनी मोजली, बोटांवर हिशेब केला, पुन्हा मोजली. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. "नवलसिंगबाबा, तुम्ही झोपेत थोडेच टिपके दिलेत. आठवी चालू आहे. अजून दीड घटका आहे मुहूर्ताला. पण हे भोक?"

"काढी देस," हबीब म्हणाला. "पन कितलं मोठं व्हतं ते सांगा. जास्त झायं ते वाटी धावी, कमी झायं ते रांगी."

जोशीबुवांच्या पिशवीत भोक साफ करायची सुई होती, भोकाच्याच मापाची, तीही सहा पिढ्यांची. हबीबने ती घेतली. चुलीतले निखारे मागवले. दोनशे माणसांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. आणि झाळ काही सुटेना. कथील पातळ होऊन चमकायचं, पण भोकाला धरून राहायचं. मायबाप, इतकं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं, असं तो मनात म्हणाला. शेवटी हाजराबी बायकांतून पुढे आली, तिने पदराने वाटी पकडली आणि त्याने सुई फिरवली. उन्हाची बारीक तार आरपार निघाली.

वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. तळाशी मोत्याएवढा एक थेंब उगवला. "उनं, पानी उनं," नवलसिंगबाबा म्हणाले, आणि दोनशे माणसांनी सुस्कारा सोडला. त्यानंतर जी घटकाभर शांतता पाळली गेली तशी म्हसावदच्या कुठल्या लग्नात ना आधी कधी पाळली गेली, ना नंतर. वाटी भरत गेली, कलली, आणि 'बुडुक' करून तळाला गेली. पाठोपाठ पाव घटका मोजून अक्षता पडल्या. नवरी रडत होती, पण आता रिवाजाप्रमाणे.

पंगती मांडल्या जात होत्या तेव्हा हबीब आणि हाजराबी मागच्या दाराने निघण्याच्या बेतात होती. जेवणावर वासना नव्हती. तेवढ्यात सांगावा आला: शेट बोलावतात, ओसरीवर.

ओसरीवर दोन खुर्च्यांत चुनीलालशेट आणि रतिलालशेट बसले होते. हबीब खाली मान घालून उभा राहिला. हाजराबी दोन पावलं मागे.

"हाच का तो माणूस?" रतिलालशेटनी विचारलं.

"हाच," शेट कोरड्या आवाजात म्हणाले.

"अरे भाई, आमच्या नवापूरला कल्हईवाला झाळ लावतो ना, आठव्या दिवशी टिपटिप टिपटिप. तुझ्या त्या वाटीवर मी स्वतः घड्याळ हातात धरून बसलो होतो. पहाटेपासून तरंगत होती, थेंब नाही आला आत. दोनशे माणूस साक्षी आहे." व्याह्यांनी समोरच्या हंड्यावर टिचकी मारली. हंडा बराच वेळ घुमत राहिला. "आणि शेट, काय जुनी भांडी आहेत तुमच्याकडे. असं जाड तांबं आता सुरतेलाही मिळत नाही. जुनं ते जुनंच."

एकदा नव्हे, दोनदा 'जुनं' म्हटलं होतं, आणि तेही खुद्द व्याह्यांनी. पैज हरली. हबीबने भीत भीत शेटकडे पाहिलं.

शेट व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे त्यांना काहीतरी दिसत होतं, जे सकाळी व्याह्यांनी जर्मनची पातेली बघितली तेव्हा दिसलं नव्हतं. ते झोकात मागे रेलले.

"आजाना येळनं शे," ते म्हणाले. "आम्हीन मुद्दाम जपीसन ठेयेल शे. आजकाल लोक मोडमा देतस, पन मी म्हनं, नही. जुनी वस्तू ती जुनी वस्तू. आनि हबीबभाई तर आमना घरनाच मानूस."

घरच्या माणसाला त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसवलं. आणि तो जेवून उठायच्या आत नवापूरच्या बायकांनी हाजराबीला घेरलं. कुणाची कळशी गळत होती, कुणाची परात. म्हसावदच्या बायकांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, आधी आमचं. कारागीर आमच्या गावचा आहे. सकाळभर दोनशे माणसांपुढे एक थेंब न गळणारी झाळ कुठल्या बाजारात कुणी दाखवली होती? हबीबला वरणभात गोड लागला. एरवी तो जेवताना बोलत नसे, पण त्या दिवशी त्याने नवलसिंगबाबांच्या पानात तीन वेळा आग्रह करून जिलबी वाढायला लावली.

आठवड्याने शेटची बैलगाडी हबीबच्या अंगणात उभी राहिली. पाठोपाठ शेट स्वतः उतरले. गाडीत पेंढ्यांत गुंडाळलेली ती सुरतेची नवी कोरी पातेली होती.

"हबीबभाई," शेट जरा आवाज खाली आणून म्हणाले, "व्याही पुढला महिनामा आखो येतस. तांबं ते त्यास्नी देखी लिन्हं. आते ह्या जर्मनले बी काही तरी कर. आजाना येळनं दिसाले पायजे."

हबीबने एक पातेलं हातात घेतलं, फिरवलं, उन्हाकडे धरलं. जुन्याला नवं करण्यात त्याचा जन्म गेला होता. नव्याला जुनं कसं करतात, हे त्याच्या बापाने काही त्याला शिकवलं नव्हतं. त्याने मदतीसाठी भात्याकडे पाहिलं.

"शेट, व्हई जाई," हाजराबी भाता न थांबवता म्हणाली. "पन त्याले भट्टी लागत नही. रोज रांधा, रोज घासा. चाळीस वरीसमा आपोआप व्हई जाई."